शनीचे कान, शनीचे कडे

सातवी-आठवीच्या कोणत्याही वर्गात जाऊन 'शनीचे चित्र काढा' असे सांगितले, तर पाच मिनिटांत सगळ्या वह्यांमध्ये एकच चित्र तयार होते. मध्ये एक गोल आणि त्याच्याभोवती थोडे तिरपे बसवलेले कडे. ज्याची चित्रकला बेताची आहे, त्यालाही हे चित्र जमते. मग विचारावे, 'तुमच्यापैकी दुर्बिणीतून शनी कोणी कोणी पाहिला आहे?' बहुतेक वेळा एकही हात वर होत नाही. कधी न पाहिलेल्या वस्तूचे चित्र सगळ्यांना बिनचूक काढता येते!

हेच साधे चित्र काढायला युरोपातल्या उत्तमोत्तम निरीक्षकांना ४९ वर्षे लागली. १६१० साली शनीकडे पहिल्यांदा दुर्बीण वळली आणि १६५९ साली 'शनीभोवती कडे आहे' हे पुस्तकरूपाने जगासमोर आले. मधल्या काळात ज्यांनी शनी पाहिला, ती माणसे मंद बुद्धीची नव्हती की आळशी नव्हती. त्यांनी रात्र रात्र जागून पाहिले, दिसले तसे काढले, आणि तरीही चित्र पूर्ण होईना. पाहणे, काढणे आणि समजणे या तीन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे या ४९ वर्षांच्या कथेतून जितके स्पष्ट होते, तितके क्वचितच दुसऱ्या कशातून होत असेल. आपल्या वर्गातल्या 'आकृती काढा व नावे द्या' या प्रश्नाशीही तिचा जवळचा संबंध आहे.

तीन ताऱ्यांचा ग्रह

सुरुवात गुरूपासून करायला हवी. ७ जानेवारी १६१० च्या रात्री इटलीतील पदुआ येथे गॅलिलिओने आपली दुर्बीण गुरूकडे वळवली. गुरूजवळ तीन बारीक तारे एका ओळीत दिसले: दोन पूर्वेला, एक पश्चिमेला. त्याने नोंदीत एक गोल आणि तीन ठिपके काढले. दुसऱ्या रात्री तिन्ही ठिपके पश्चिमेला गेले होते. मग तो रोज पाहू लागला, रोज काढू लागला. १३ तारखेला चौथा ठिपका मिळाला. काही दिवसांतच त्याची खात्री पटली की हे तारे नसून गुरूभोवती फिरणारे चार चंद्र आहेत. कोडे इतक्या लवकर सुटले, कारण ठिपके हलत होते. एका रात्रीचे चित्र दुसऱ्या रात्रीच्या चित्राशेजारी ठेवले की उत्तर आपोआप पुढे येत होते.

त्याच वर्षी जुलैत शनी दुर्बिणीच्या टप्प्यात आला. या वेळी दिसले ते वेगळेच. मध्ये एक मोठा गोल आणि त्याला जवळजवळ चिकटून दोन्ही बाजूंना दोन लहान गोल. जुलैच्या अखेरीस टस्कनीच्या दरबारातील सचिवाला लिहिलेल्या पत्रात गॅलिलिओने कळवले की शनी हा एक तारा नसून तीन ताऱ्यांचा मिळून झालेला आहे, आणि हे तिघे एकमेकांच्या संदर्भात जराही हलत नाहीत.

शोध आपल्या नावावर लागावा, पण खात्री होईपर्यंत तो दुसऱ्याच्या हाती पडू नये, यासाठी त्या काळी एक युक्ती होती. शोधाचे वाक्य लॅटिनमध्ये लिहायचे, त्याची अक्षरे विस्कटायची आणि तो अक्षरांचा ढीग इतर विद्वानांना पाठवून द्यायचा. गॅलिलिओचे असे कोडे प्रागमध्ये केप्लरच्या हाती पडले. केप्लरने अक्षरे जुळवून जे वाक्य तयार केले, त्याचा अर्थ 'मंगळाला दोन चंद्र आहेत' असा निघाला! उत्तर चूक होते. मंगळाला दोन चंद्र असल्याचे पुढे १८७७ साली खरोखरच आढळले, हा निव्वळ योगायोग. नोव्हेंबर १६१० मध्ये गॅलिलिओने खरा अर्थ सांगितला: सर्वांत दूरचा ग्रह तिहेरी दिसतो.

आता त्याच्या हातातली दुर्बीण कशी होती ते पाहू. ती सुमारे २० पट मोठे दाखवत असे. भिंगाच्या कडेचा भाग सदोष असल्याने तो झाकून मधला लहानसा भागच वापरावा लागे. प्रतिमेच्या कडेला रंगांची झालर दिसे. अशा दुर्बिणीत कड्याची दोन टोके गोळ्यांसारखी दिसणे अगदी स्वाभाविक होते. शिवाय सहाच महिन्यांपूर्वी त्याने गुरूचे चंद्र पाहिले होते. ग्रहाशेजारी काही दिसले की ते चंद्रासारखे काहीतरी असणार, ही अपेक्षा त्याच्या मनात आधीच तयार होती. डोळा पाहतो, पण मनही त्याच्या कानात काहीतरी सांगत असते.

कान गेले, कान आले

१६१२ च्या शेवटी गॅलिलिओने पुन्हा शनी पाहिला, तेव्हा बाजूचे दोन्ही गोल नाहीसे झाले होते. शनी गुरूसारखा एकटा, वाटोळा दिसत होता. रोमन पुराणकथेतील सॅटर्न आपलीच मुले गिळतो. त्या कथेची आठवण काढून गॅलिलिओने एका पत्रात विचारले की शनीने आपली पिल्ले खाल्ली की काय? तो पुरता गोंधळला होता. पण ते गोल परत येतील, हा अंदाजही त्याने लिहून ठेवला.

गोल परत आले. १६१६ मध्ये गॅलिलिओने जे चित्र काढले, ते आज पाहताना आपण थबकतो. मध्ये गोल, आणि दोन्ही बाजूंना कपाच्या कानासारख्या दोन कमानी. कान आणि गोल यांच्यामध्ये काळ्या मोकळ्या जागा. आज आपण पाहिले तर लगेच म्हणू, 'अरे, हे तर कडेच आहे!' हाताने बरोबर काढले होते. परंतु ज्याने काढले, त्याला ते कडे म्हणून दिसले नाही.

पुढची तीसेक वर्षे अशीच गेली. शायनर, फोंताना, गासेंदी, रिचोली, दिविनी अशा अनेकांनी शनी पाहिला. कोणाच्या चित्रात मधल्या गोलाला दोन लहान गोल, कोणाच्या चित्रात दोन कमानी, तर कोणाच्या चित्रात एकच लांबट अंडे. डान्झिगच्या हेवेलिअसने तर वर्षानुवर्षे चिकाटीने निरीक्षणे केली आणि १६५६ मध्ये शनीवर एक पुस्तकच छापले. त्याच्या मते शनीचा मधला भाग लंबगोल होता आणि त्याला चंद्रकोरीच्या आकाराचे दोन हात चिकटलेले होते. लंडनमध्ये ख्रिस्तोफर रेन (हाच पुढे सेंट पॉल चर्चचा वास्तुरचनाकार म्हणून प्रसिद्ध झाला) शनीला दोन ठिकाणी टेकलेल्या एका पातळ मुकुटाची कल्पना मांडत होता.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. या सगळ्यांनी चित्रांखाली तारखा घातल्या होत्या. म्हणजे प्रत्येक चित्र हे अमुक माणसाला, अमुक दिवशी, अमुक दुर्बिणीतून असे दिसले याची साक्ष होती. ही साक्ष जपून राहिली. अर्थ लावणारा मागाहून आला.

एका चंद्राने दिलेला धागा

ख्रिश्चियन हायगेन्स हा हॉलंडमधील हेग शहरचा तरुण. जन्म १६२९ चा. वडील कवी आणि मुत्सद्दी; घरी विद्वानांचा राबता. ख्रिश्चियन आणि त्याचा थोरला भाऊ कॉन्स्टंटाइन यांनी काच घासून भिंगे तयार करण्याची कला स्वतः आत्मसात केली. त्यांनी बनवलेल्या एका दुर्बिणीची लांबी सुमारे १२ फूट होती. वस्तुभिंगाचा व्यास मात्र ६ सेंटिमीटरपेक्षाही थोडा कमी होता. आज हौशी निरीक्षक ज्या लहान दुर्बिणीने सुरुवात करतात, तेवढाच. ती सुमारे ५० पट मोठे दाखवत असे.

२५ मार्च १६५५ च्या रात्री हायगेन्सने या दुर्बिणीतून शनी पाहिला, तेव्हा त्याच्यापासून थोड्या अंतरावर एक बारीक ठिपका होता. त्याने तो चित्रात दाखवला. पुढच्या रात्रींतही तो ठिपका शनीच्या सोबत होता, पण जागा बदलत होता. पंचेचाळीस वर्षांपूर्वी गॅलिलिओने जे केले तेच हायगेन्सने केले. रोज पाहिले, रोज काढले, चित्रे ओळीने मांडली. ठिपका शनीभोवती फिरत होता. एका फेरीला त्याने १६ दिवस ४ तास धरले. आजच्या मोजमापाप्रमाणे हा काळ १५ दिवस आणि साधारण पावणेतेवीस तास आहे. शनीचा हा पहिला सापडलेला चंद्र. पुढे एकोणिसाव्या शतकात त्याला टायटन हे नाव मिळाले.

या वेळी शनीचे कान कसे होते? अगदी बारीक! १६५५ मध्ये ते अरुंद, सरळ दांड्यांसारखे दिसत होते आणि १६५६ च्या सुरुवातीला दिसेनासेच झाले. म्हणजे कडे पाहायला सर्वांत वाईट काळ तो हाच. आणि नेमक्या याच काळात हायगेन्सला कड्याची कल्पना सुचली. त्याच्या दुर्बिणीत कडे इतरांपेक्षा स्वच्छ दिसले म्हणून कोडे सुटले, असे आपल्याला सहज वाटते. पण तसे झाले नाही. धागा मिळाला तो चंद्राकडून.

त्याचा विचार असा चालला. पृथ्वी स्वतःभोवती एका दिवसात फिरते, तिचा दूरचा चंद्र मात्र फेरीला जवळजवळ महिना घेतो. गुरूचेही तसेच. जवळचा चंद्र लवकर फिरतो, लांबचा उशिरा. शनीचा चंद्र शनीच्या कानांपेक्षा कितीतरी लांब आहे, तरी तो १६ दिवसांत फेरी पुरी करतो. मग शनीच्या अंगालगतचे हे कान त्याहून कितीतरी कमी वेळात फिरले पाहिजेत. ते जर दोन गोळे असते किंवा दोन हात असते, तर दोन-चार दिवसांत त्यांचे रूप बदललेले दिसले असते. कधी ते शनीच्या पुढे आले असते, कधी मागे गेले असते. पण कान तर आठवडेच्या आठवडे जसेच्या तसे!

एखादी वस्तू वेगाने फिरते आहे आणि तरीही तिचे रूप बदलत नाही, असे केव्हा होते? कुंभाराच्या चाकावरचे मडके आठवा. माती एका बाजूला कलली असेल तर चाक फिरताना ती डगमगताना दिसते. नीट मध्यावर बसलेले मडके मात्र फिरत असूनही स्थिर भासते, कारण ते चहूबाजूंनी सारखे असते. म्हणजे शनीचे कान हेही चहूबाजूंनी सारख्या असलेल्या एखाद्या वस्तूचे भाग असले पाहिजेत. शनीच्या सर्व बाजूंनी फिरणारे, त्याला कोठेही न चिकटलेले, पातळ आणि सपाट असे एक कडे.

मग कान मधूनमधून नाहीसे का होतात? वर्गात ऋतू शिकवताना आपण जो प्रयोग करतो तोच येथे उपयोगी पडतो. टेबलाच्या मध्यावर दिवा ठेवावा आणि एक थाळी तिरपी धरून, तिचा कल एकाच दिशेला कायम ठेवून, दिव्याभोवती फिरवावी. दिव्याच्या जागेवरून पाहणाऱ्याला थाळीचे तोंड कधी वरून दिसेल, कधी खालून. आणि एका फेरीत दोन वेळा थाळीची नुसती कड दिसेल. शनी सूर्याभोवती एक फेरी साडेएकोणतीस वर्षांत करतो. आपली पृथ्वी सूर्याच्या इतकी जवळ आहे की शनीच्या मानाने आपण दिव्यापाशीच उभे आहोत असे समजायला हरकत नाही. म्हणून दर १४-१५ वर्षांनी कडे आपल्याला कडेवरून दिसते, आणि ते इतके पातळ आहे की त्या वेळी दिसतच नाही.

हायगेन्सनेही मार्च १६५६ मध्ये अक्षरे विस्कटलेले कोडे छापून ठेवले आणि तीन वर्षे आणखी निरीक्षणे केली. १६५९ मध्ये त्याचे 'सिस्टेमा सॅटर्नियम' हे पुस्तक आले. त्यात एका पानावर आधीच्या निरीक्षकांनी काढलेली शनीची १३ चित्रे एकत्र छापली आहेत. कड्याची कल्पना धरून कोणते चित्र कसे निर्माण झाले असेल, दुर्बिणीच्या दोषाचा भाग किती, हे त्याने सांगितले. कड्याचा व्यास आणि शनीचा व्यास यांचे प्रमाण त्याने ९ ला ४ धरले. आजच्या मोजणीच्या ते अगदी जवळ आहे. १६७१ मध्ये कान पुन्हा नाहीसे होतील, हेही त्याने आधीच सांगून ठेवले, आणि त्या वर्षी ते खरोखरच नाहीसे झाले.

ख्रिस्तोफर रेनने आपली मुकुटाची कल्पना तोवर छापली नव्हती. हायगेन्सचे कडे समजल्यावर त्याने स्वतःची कल्पना सोडून दिली, आणि ही दुसऱ्याची कल्पना आपल्याला आपल्या कल्पनेपेक्षा अधिक आवडली असे पत्रात मोकळेपणाने लिहिले. विज्ञानाच्या इतिहासात शोधांच्या तारखा आपण पाठ करतो. अशा मोठ्या मनाच्या नोंदीही मुलांना सांगायला हव्यात.

सहा आणि सहा बारा

हायगेन्सची गोष्ट येथेच थांबवली तर ती फार गोड होईल. त्याच पुस्तकात त्याने आणखी एक गोष्ट लिहिली आहे. त्या वेळी माहीत असलेले ग्रह सहा: बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी. चंद्र किती? पृथ्वीचा १, गुरूचे ४ आणि आता शनीचा १, म्हणजे तेही सहा. सहा आणि सहा मिळून बारा. संख्या इतकी सुंदर जुळली की आता आणखी चंद्र सापडण्याचे कारण नाही, असे त्याला वाटले.

आकाशाने ही बेरीज मानली नाही. पॅरिसमध्ये कॅसिनीने १६७१ मध्ये शनीचा दुसरा चंद्र शोधला, १६७२ मध्ये तिसरा आणि १६८४ मध्ये आणखी दोन. यातला १६७१ चा चंद्र मोठा चमत्कारिक होता. शनीच्या पश्चिमेला असताना तो दिसे, पूर्वेला गेला की नाहीसा होई. कॅसिनीने तर्क केला की या चंद्राची एक बाजू उजळ आणि दुसरी काळी असली पाहिजे. आयापेटस नावाच्या या चंद्राची अवकाशयानांनी घेतलेली छायाचित्रे पाहिली की हा तर्क किती अचूक होता ते कळते. १६७५ मध्ये कॅसिनीला कड्यात एक काळी फट दिसली. कडे एक नव्हते, निदान दोन होती. २०२५ पर्यंत शनीचे २७४ चंद्र मान्य झाले आहेत.

ज्या माणसाने इतरांच्या अपेक्षांचा पडदा बाजूला सारला, त्याच्याही डोळ्यांवर स्वतःच्या अपेक्षेचा एक पडदा राहून गेला होता. कडे अखंड, घन पदार्थाचे आहे असेही हायगेन्स समजत होता. तसे घन कडे टिकूच शकणार नाही, ते असंख्य सुट्या कणांचे असले पाहिजे, हे मॅक्सवेलने गणिताने दाखवले ते १८५९ साली, म्हणजे हायगेन्सच्या पुस्तकानंतर बरोबर २०० वर्षांनी. १८९५ मध्ये कीलरने वर्णपटाच्या साहाय्याने ते प्रत्यक्ष सिद्ध केले.

अडाण्यांची साक्ष

१६६० मध्ये रोममधील दुर्बीण बनवणारा दिविनी आणि फाब्री नावाचा विद्वान पाद्री यांनी हायगेन्सवर टीका करणारी पुस्तिका काढली. फाब्रीचे म्हणणे, कडे वगैरे काही नाही; शनीच्या मागे काही काळे व काही उजळ चंद्र फिरतात आणि त्यांच्यामुळे हे सगळे आकार दिसतात. वाद फ्लॉरेन्सचा राजपुत्र लिओपोल्डो याच्याकडे गेला. हायगेन्सने आपले पुस्तक त्यालाच अर्पण केले होते. लिओपोल्डोच्या आश्रयाखाली 'आकाडेमिया देल चिमेंतो' ही प्रयोग करणाऱ्यांची संस्था होती. त्याने वाद तिच्याकडे सोपवला.

त्या मंडळींनी काय करावे? त्यांनी शनीची प्रतिकृती केली. कडे असलेला गोल एका लांब दालनाच्या टोकाला ठेवला, मशालींनी उजळला, आणि दुसऱ्या टोकावरून दोन दुर्बिणींतून पाहिला, एक चांगली आणि एक साधारण. साधारण दुर्बिणीतून कड्याची टोके सुट्या गोळ्यांसारखी दिसत होती. पण पाहणाऱ्या विद्वानांना प्रतिकृतीला कडे आहे हे आधीच ठाऊक होते! म्हणून त्यांनी ज्यांना या वादाचा गंधही नव्हता अशा लोकांना, अगदी न शिकलेल्यांनाही, बोलावले. समोर काय आहे ते न सांगता दुर्बिणीतून पाहायला लावले आणि दिसेल ते कागदावर काढायला सांगितले. त्यांच्यापैकी अनेकांनी काढले ते मधला गोल आणि बाजूचे दोन लहान गोल. गॅलिलिओचे १६१० चे चित्र पुन्हा उभे राहिले.

या प्रयोगाने हायगेन्सची बाजू तर बळकट केलीच, पण गॅलिलिओलाही न्याय दिला. त्याने खोटे काढले नव्हते. तशा दुर्बिणीतून तसेच दिसते. फाब्रीने पुढे आपला आक्षेप मागे घेतला.

शाळेच्या मैदानावर

हा प्रयोग आपल्याला शाळेत जवळजवळ विनाखर्च करता येईल. टेनिसचा चेंडू पांढरा रंगवावा. त्याचा व्यास साधारण साडेसहा सेंटिमीटर असतो. पातळ पुठ्ठ्याचे बाहेरून १५ सेंटिमीटर आणि आतून १० सेंटिमीटर व्यासाचे कडे कापून, तेही पांढरे रंगवून, काळ्या दोऱ्याने चेंडूभोवती असे बसवावे की ते चेंडूला टेकणार नाही. मागे काळा फळा किंवा काळे कापड लावावे. (खऱ्या कड्याची रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे पावणेतीन लाख किलोमीटर आहे आणि जाडी बहुतेक ठिकाणी काही मीटर ते काही दशमीटर. या मानाने आपला पुठ्ठा कितीही पातळ घेतला तरी जाडच!)

आता अंतर ठरवू. शनी पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हा कड्याची दोन टोके आपल्या डोळ्याशी सुमारे ४४ विकलांचा कोन करतात. २० पट दुर्बिणीत तो ८८० विकला, म्हणजे सुमारे पाव अंश होतो. १५ सेंटिमीटरची वस्तू ३५ मीटरवर ठेवली तर तेवढीच दिसते. म्हणजे ३५ मीटरवरून नुसत्या डोळ्यांनी आपल्या प्रतिकृतीकडे पाहणे हे गॅलिलिओच्या दुर्बिणीतून शनी पाहण्यासारखे झाले. हायगेन्सच्या ५० पट दुर्बिणीसाठी अंतर १४ मीटर येते.

प्रतिकृती दुसऱ्या वर्गाच्या मुलांकडून गुपचूप तयार करून घ्यावी. 'शनी' हा शब्द उच्चारू नये. संध्याकाळच्या अंधुक उजेडात मुलांना ३५ मीटरवर उभे करावे, आणि दिसेल ते काढायला सांगावे. मग कड्याचा कल बदलावा, एकदा नुसती कड समोर आणावी, आणि प्रत्येक वेळी नवे चित्र काढून घ्यावे. नंतर १४ मीटरवर येऊन तेच. सगळी चित्रे भिंतीवर लावली की चर्चा आपोआप सुरू होईल. कोणाचे चित्र चूक, हे ठरवण्याची घाई मात्र आपण करू नये. ज्याला चष्म्याची गरज आहे त्याचे चित्र वेगळे येईल, तेही उपयोगाचेच.

पंधरा वर्षांची वही

शनीचे नाव निघाले की आपल्याकडे साडेसाती आठवते. राशीचक्राच्या एका राशीतून जायला शनीला अडीच वर्षे लागतात; तीन राशींची मिळून साडेसात. हा काळ शनीच्या एका फेरीचा चौथा हिस्सा होतो. आणि कडे आपल्याला नुसत्या कडेवरून दिसते तेव्हापासून पुरते उघडे दिसेपर्यंत जातात तीही जवळजवळ साडेसातच वर्षे! २०२५ च्या मार्चमध्ये पृथ्वी कड्याच्या पातळीतून गेली. तेव्हा शनी सूर्याच्या फार जवळ असल्याने दिसत नव्हता; पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लहान दुर्बिणींतून शनीच्या दोन्ही बाजूंना नुसती एक बारीक रेघ दिसत होती. २०३२ च्या सुमारास कडे पुरते उघडेल आणि २०३८-३९ मध्ये पुन्हा मिटेल. ही साडेसाती कोणालाही बाधणार नाही.

सहा सेंटिमीटर भिंगाची दुर्बीण, ५० पट मोठे दाखवणारी, एवढ्या साधनावर हे सारे पाहता येते. टायटनचा ठिपकाही अंधाऱ्या रात्री तिच्यातून दिसतो. तो शनीपासून जास्तीत जास्त कड्याच्या रुंदीच्या साधारण साडेचार पट अंतरापर्यंत जातो. सलग सोळा-सतरा रात्री त्याची जागा काढली, तर हायगेन्सने मोजलेला काळ आपली मुले स्वतः मोजू शकतील. मध्ये ढग आले तर त्या तारखेला 'ढग' एवढेच लिहावे. तीही नोंदच आहे.

आमची सूचना एवढीच की शाळेने यासाठी एक जाड वही करावी. नियम थोडे असावेत. चित्राखाली तारीख, वेळ, दुर्बीण, आकाशाची स्थिती आणि काढणाऱ्याचे नाव लिहायचे. आधी काढायचे, मग पुस्तक उघडायचे. दिसले नाही ते काढायचे नाही, आणि दिसले ते समजले नाही म्हणून गाळायचे नाही. काढलेले चित्र नंतर खोडायचे नाही. ही वही प्रयोगवहीसारखी गुणांसाठी तपासू नये.

आज पाचवीत असलेले मूल ही वही सुरू करील. ते दहावी होऊन जाईल, दुसरे मूल पुढची पाने भरील. शिक्षक बदलतील, कदाचित दुर्बीणही बदलेल. पंधरा वर्षांनी कोणीतरी सगळी पाने एका टेबलावर मांडील, आणि न पाहिलेल्या शनीचे जे एकच चित्र आज सगळ्या वह्यांत असते, त्याऐवजी उघडत आणि मिटत जाणारा, पाहिलेला शनी त्याच्यासमोर असेल.